विहिरीचा बार आणि सुरुंगरोधक गाडी

मुरबाड तालुक्यात उन्हाळ्यात फिरताना दोन आवाज हमखास कानावर येतात. एक लग्नातल्या बँडचा आणि दुसरा विहिरीच्या बाराचा. भाताची झोडणी आटोपली, वाल-हरभरा घरात आला की विहिरींची कामे निघतात. वरची माती आणि मुरूम कुदळ-फावड्याने निघतो, पण पुढे काळा कातळ लागला की कॉम्प्रेसरवाल्याला बोलवावे लागते. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर येतो, खडकात भोके पडतात, कांड्या भरल्या जातात, शिट्टी वाजते, आणि मग सगळा गाव कानात बोटे घालून उभा राहतो.

गेल्या उन्हाळ्यात बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून मंजूर झालेल्या अशाच एका विहिरीची पाहणी करायला गेलो होतो. बार उडायला अवकाश होता म्हणून आम्ही आठ-दहा जण लांब चिंचेखाली बसलो होतो. एका पोराने मोबाईल काढला. त्यात लष्कराच्या गाडीची चाचणी दाखवत होते. गाडी उभी आहे, चाकाखाली स्फोट होतो, धुराळा आभाळाला भिडतो, चाक तुटून लांब जाऊन पडते. धुराळा बसल्यावर बघावे तर गाडीचा डबा जागेवर शाबूत.

शेतमालक म्हातारबाबा म्हणाले, "भाऊसाहेब, येवढा बार हिरीत भरला तं आक्खा खडक फोडून वर येतो. मंग ती गाडी कशी काय नाय फुटली?"

मला पटकन उत्तर देता येईना. आमची कृषी पदविका माती, पाणी, बियाणे यांच्यापुरती. पण आमच्यातच एक काका बसले होते. अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात मशीनवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले आणि आता गावी भाजीपाला करणारे. ते म्हणाले, "बाबा, उत्तर तुमच्या हिरीतच हाय. आधी बार उडू द्या."

त्या दिवशी काकांनी जे समजावले आणि नंतर मी जे वाचून-विचारून गोळा केले, ते शेतकरी बंधूंसाठी आणि गावच्या कारभाऱ्यांसाठी इथे मांडतो आहे. हा विषय लष्कराचा वाटेल, पण त्याचा धागा शेवटी आपल्याच विहिरीपर्यंत येतो.

जोर वरच का येतो?

बार भरणाऱ्याला हे पाठ असते की भोकाचे तोंड मातीने नीट ठासले नाही तर बार फुसका जातो. ठासला तर खडक फुटतो. कारण स्फोट म्हणजे क्षणात तयार झालेला प्रचंड दाबाचा, तापलेला वायू. त्याला वाट हवी असते. खाली आणि बाजूला घट्ट जमीन, म्हणून तो जिकडे अडथळा कमी तिकडे, म्हणजे वर धावतो. जाताना माती, दगड, कपच्या घेऊन जातो.

रस्त्यात पुरलेला सुरुंग हेच करतो. त्याच्या डोक्यावर साधी जीप किंवा टेंपो असला तर त्याचे पोट सपाट असते. वर येणारा सगळा जोर त्या सपाट पत्र्यावर आदळतो. पत्रा फाटतो आणि गाडी उचलून फेकली जाते. पत्रा फाटला नाही तरी तो इतक्या वेगाने वर उसळतो की आतल्या माणसाचे पाय आणि पाठीचा कणा मोडतो. अंगावर एकही कपची न लागता माणूस जन्माचा अधू होऊ शकतो तो यामुळे.

सुरुंगरोधक गाडीची पहिली युक्ती म्हणजे तिचे पोट. ते सपाट नसते, होडीसारखे निमुळते असते. पुढून पाहिले तर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे दिसते. आपल्या कोकणात कौलारू घराला दोन्ही अंगांनी उतार का देतात? पाऊस कौलावर साचू नये, दोन्ही बाजूंनी वाहून जावा म्हणून. इथे पाऊस खालून येतो एवढाच फरक. खालून आलेला जोर त्या उतारावरून डाव्या-उजव्या बाजूला सरकतो आणि मधल्या डब्याला कमी झळ लागते.

दुसरी युक्ती उंचीची. स्फोटाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. म्हणून डबा जमिनीपासून जितका वर, तितका बरा. तिसरी वजनाची. जड वस्तू सहजी उडत नाही. पुण्याच्या भारत फोर्जने बनवलेली 'कल्याणी एम-४' ही गाडी सोळा टनांच्या आसपास भरते. म्हणजे आपले सात-आठ ट्रॅक्टर एकत्र करून जोखल्यासारखे झाले.

चौथी युक्ती आतली. बसायच्या जागा खालच्या पत्र्याला ठोकलेल्या नसतात. छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगलेल्या असतात, शेतावरच्या झोळीत बाळ असते तशा. खालचा पत्रा हादरला तरी हादरा थेट कण्यापर्यंत जात नाही. अंगाला पट्टे बांधलेले असतात, नाहीतर गाडी उसळली की डोके छताला आपटायचे. पाण्याच्या कॅनपासून पेटीपर्यंत आतली सुटी वस्तूसुद्धा बांधून ठेवावी लागते. पाचवी गोष्ट म्हणजे चाके. चाक तुटून जाणे हा त्या गाडीचा दोष मानत नाहीत. चाक गेले तर जाऊ द्या, माणूस राहिला पाहिजे, हा हिशोब त्यामागे आहे. चाक पुन्हा बसवता येते.

शेतवाटेवर जन्मलेली गाडी

अशी गाडी पहिल्यांदा कुठल्या बड्या देशाने बनवली असेल असे वाटते. तसे नाही. तिचा उगम आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९७० च्या दशकात झाला. तिथे गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध काळ्या जनतेचा सशस्त्र लढा चालू होता आणि कच्च्या रस्त्यांत, शेतवाटांवर सुरुंग पेरले जात होते. सुरुवातीला तिथल्या लोकांनी गाड्यांच्या तळाशी वाळूची पोती टाकली. मग टायरमध्ये हवेबरोबर पाणी भरायला सुरुवात केली. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरचे चाक घसरू नये म्हणून आपणही टायरमध्ये पाणी भरतो. तिथे ते पाणी स्फोटाचा काही जोर आणि उष्णता शोषून घ्यायच्या कामी आले. पुढे 'लेपर्ड' नावाची निमुळत्या पोटाची छोटी गाडी तयार झाली. तिला इंजिन बसवले होते ते साध्या फोक्सवॅगन गाडीचे.

शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने तोच धागा पुढे नेला. 'बफेल' आणि मग १९८० च्या सुमारास 'कॅस्पिर' ही गाडी आली. चाकाखाली २१ किलो आणि पोटाखाली १४ किलो टीएनटी स्फोटक फुटले तरी आतली माणसे वाचावीत असा तिचा हिशोब होता. हीच कॅस्पिर तिथल्या वर्णद्वेषी राजवटीने काळ्यांच्या वस्त्यांत दहशत बसवायलाही फिरवली, हेही सांगितले पाहिजे. अवजार चांगले असले तरी ते कोणाच्या हाती आहे यावर पुढचे ठरते.

इराकमध्ये रस्त्याकडेच्या बाँबांनी सैनिक मरू लागल्यावर अमेरिकेला या गाडीची आठवण झाली. २००७ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने या गाड्यांच्या खरेदीला पहिला क्रमांक दिला आणि पुढच्या काही वर्षांत २७ हजारांच्या आसपास गाड्या घेतल्या.

आपल्या देशाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेकडून कॅस्पिर घेतल्या. काश्मीर आणि ईशान्येकडे त्या वापरल्या गेल्या. नंतर जबलपूरच्या वाहन निर्माणीत आणि मेदकच्या आयुध निर्माणीत देशी सुरुंगरोधक वाहने बनली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या केल्या. त्यातल्या 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम' या कंपनीत जबलपूर आणि मेदकसोबत आपल्या अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही आहे. कल्याण-बदलापूर लोकलने जाताना ज्या भिंतींकडे आपण सवयीने बघतो, त्यांच्या आत रणगाड्या-चिलखती गाड्यांच्या परिवाराशी नाते सांगणारा कारखाना आहे. आमचे काका ज्या अभिमानाने बोलत होते, त्याचे कारण हे.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. लष्करी वाहनांवरचे बरेच काम तिथे होते. भारत फोर्जची सुरुंगरोधक गाडी एप्रिल २०२२ मध्ये पुण्यातील खडकी येथे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या उपस्थितीत सैन्यात दाखल झाली. म्हणजे या गाडीच्या कामात मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे.

गाडी नव्हती तेव्हा

अशी गाडी नव्हती तेव्हा सुरुंगापुढे माणूसच उभा राहायचा. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे नाव आपल्या पोरांना ठाऊक असले पाहिजे. कारवार तालुक्यातील चेंडिया गावचे हे सुपुत्र, सैन्यातल्या बाँबे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरमध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती, आणि वरून तोफांचा मारा चालू होता. त्यात राण्यांची माणसे पडली, ते स्वतः जखमी झाले. तरी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. रणगाडा हळूहळू पुढे सरके आणि त्याच्याबरोबर हा माणूस जमिनीवर सरपटत सुरुंग शोधी. हातात दोऱ्या होत्या, त्या ओढून वरच्या चालकाला थांब किंवा चल अशी खूण करी. असे त्यांनी तीन दिवस केले आणि रस्ता मोकळा करून दिला. त्यांना परमवीर चक्र मिळाले. हा मान जिवंतपणी मिळवणारे ते पहिले वीर. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

सुरुंगाची झळ शेतकऱ्यालाही लागते. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाल्यावर सीमेवर सैन्य उभे राहिले, तेव्हा पंजाब, राजस्थान आणि जम्मूच्या सीमेवरील शेतजमिनींत सुरुंग पेरावे लागले. ते काढून जमीन परत ताब्यात मिळेपर्यंत तिथल्या शेतकऱ्यांचे हंगाम बुडाले. सरकारने भरपाई दिली, पण ज्याचा पाय गेला त्याला भरपाई कसली? पुण्याच्या वानवडीत १९४४ पासून सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. सुरुंगाने पाय गमावलेले कितीतरी जवान तिथे पुन्हा चालायला शिकले.

गडचिरोलीचा रस्ता

आता आपल्याच राज्यात येऊ. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी वर्षानुवर्षे रस्त्यात, मोऱ्यांखाली सुरुंग लावले. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोलाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस उडवली गेली, १२ जवान गेले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात मुरमुरीजवळ सी-६० पथकाचे ७ जवान गेले. आणि १ मे २०१९ चा महाराष्ट्र दिन तर विसरता येणार नाही. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरच्या गाड्या नक्षलवाद्यांनी जाळल्या. पाहणीसाठी शीघ्र कृती पथक निघाले आणि जांभुळखेड्याजवळ नाल्याच्या पुलापाशी स्फोट झाला. १५ जवान आणि गाडीचा चालक असे १६ जण जागीच गेले.

ते जवान सुरुंगरोधक गाडीत नव्हते. साध्या खासगी मालवाहू गाडीत होते. तिचा चालक तर पोटापाण्यासाठी भाडे मारणारा माणूस. आपल्याकडे बाजारसमितीला भाजी नेतो किंवा लग्नाचे वऱ्हाड नेतो तसाच.

मग वाचणाऱ्याच्या मनात सरळ येते की प्रत्येकाला तशी गाडी का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटते तितके सोपे नाही. एक तर या गाड्या महाग. फेब्रुवारी २०२१ मध्ये सैन्याने भारत फोर्जला एम-४ गाड्यांची जी मागणी दिली ती सुमारे १७८ कोटी रुपयांची होती. दुसरे, सोळा टनांचे उंच धूड अरुंद, कच्च्या रस्त्यावर कलंडते, पावसाळ्यात रुतते, आणि आपल्या गावाकडच्या कित्येक मोऱ्यांना ते वजन पेलवणार नाही. तिसरे कारण सगळ्यात कडू आहे. गाडीच्या ताकदीला मर्यादा आहे आणि सुरुंगाच्या वजनाला नाही.

नाटो देशांनी गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. त्यातल्या चौथ्या पायरीला गाडी १० किलो स्फोटकाला टिकली पाहिजे, आणि ही पायरी वरची समजली जाते. पण लपून सुरुंग लावणारा माणूस १० किलोवर थांबत नाही. नक्षलवाद्यांनी काही वेळा पन्नास-पन्नास किलो आणि त्याहून जास्त माल पुरला. छत्तीसगडच्या बिजापूर भागात सप्टेंबर २००५ मध्ये सुरुंगरोधक गाडीच उडवली गेली आणि वीसहून अधिक जवान गेले. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ अशाच गाडीतले ९ जवान गेले. दलातच या गाडीला चाकावरची शवपेटी म्हणू लागले. जवानांना कित्येकदा पायी चालणे किंवा मोटारसायकलवर एकेकट्याने जाणे जास्त सुरक्षित वाटू लागले.

म्हणून गाडी निरुपयोगी ठरते का? तसे मुळीच नाही. लहान सुरुंगापासून आणि बंदुकीच्या गोळीपासून तिने जीव वाचवले आहेत, पुढेही वाचवील. डोक्यावर हेल्मेट असले म्हणून घाटात कोणी डोळे मिटून गाडी हाकत नाही, तसेच हे आहे.

रस्ता आणि लाल गाडी

मग सुरुंगावर इलाज काय? जाणकार सांगतात की गस्त, रस्ता उघडणाऱ्या पथकाने आधी पायी जाऊन तपासणे, मोऱ्यांवर नजर, आणि पक्का रस्ता. कच्च्या रस्त्यात रात्रीत खड्डा खणून माती सारखी करता येते. डांबर फोडले की खूण राहते. अर्थात डांबरी रस्ता म्हणजे हमी नव्हे. ६ जानेवारी २०२५ रोजी बिजापूर जिल्ह्यात आंबेलीजवळ पक्क्या रस्त्यावरच स्फोट झाला आणि ८ जवान व चालक गेले. तरी रस्ता झाला की रहदारी वाढते, दवाखाना, शाळा, बाजार जवळ येतो, आणि गावकऱ्यांचा बोलण्याचा धीर वाढतो. सुरुंग लावणाऱ्याला सर्वात जास्त भीती याच धीराची असते.

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात गर्देवाड्यापर्यंत स्वातंत्र्यानंतर प्रथमच एसटी पोहोचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नक्षल चळवळीचा वरिष्ठ नेता भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. एसटीचा पत्रा पातळ, पोट सपाट. तिला कसलेच चिलखत नाही. तरी जिथे ती रोज ठरल्या वेळी सुखरूप येते-जाते, तिथे सुरुंगरोधक गाडीची गरज कमी होत जाते.

आणि आपली विहीर

शेतकरी बंधू म्हणतील, गडचिरोली आठशे-नऊशे किलोमीटर लांब. आपल्या ठाणे जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध?

२१ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट आठवा. कल्याण रेल्वे स्टेशनच्या एक नंबर फलाटावर बेवारस खोक्यांत ५४ डिटोनेटर सापडले. ज्या फलाटावर दिवसाला लाखो माणसांची ये-जा, तिथे. सुदैवाने काही झाले नाही. पण डिटोनेटर ही काही जंगलात उगवणारी वस्तू नाही. ती कारखान्यात बनते आणि खाणीसाठी, दगडाच्या क्रशरसाठी, विहिरीसाठी परवान्यावर बाहेर पडते. मधल्या वाटेत कुठेतरी तिचा हिशोब सुटतो, आणि हिशोब सुटलेली डिटोनेटर कोणाच्या हाती जाईल याचा नेम नाही. रस्त्यातला सुरुंगसुद्धा डिटोनेटरशिवाय मातीच असतो.

सगळे घातपातच होतात असेही नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याच कामाच्या एका गावात बार उडाल्यानंतर उरलेली एक डिटोनेटर कामगाराने कुडाच्या भिंतीत खोचून ठेवली. "उद्या लागंल" म्हणून. ती उद्याची गरज पडली नाही आणि तो विसरला. घरातल्या सातवीतल्या पोराला ती चकचकीत नळी सापडली. त्याने तिला मोबाईलच्या जुन्या बॅटरीची वायर लावून पाहिली. उजव्या हाताची तीन बोटे गेली. मी त्या घरी आंब्याची कलमे द्यायला जात असे. परवा गेलो तर तो पोरगा डाव्या हाताने वहीत लिहीत होता. त्याची आई म्हणाली, "साहेब, आता अक्षर बरं येतं त्याचं." मला पुढे काही बोलता आले नाही.

त्याला कोणती गाडी वाचवणार होती?

म्हणून शेतकरी बंधूंना, सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांना हात जोडून काही गोष्टी सांगतो.

बार भरण्याचे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. स्फोटकांचा कायदा १८८४ चा आणि त्याखालचे नियम २००८ चे आहेत. त्यावर देखरेख करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कॉम्प्रेसरवाला ओळखीचा आहे, स्वस्तात करतो, एवढ्यावर जाऊ नका. परवाना दाखव म्हणायला लाजू नका.

काम सुरू होण्याआधी किती कांड्या आणि किती डिटोनेटर आणल्या ते वहीत लिहा. किती भोके भरली, किती बार उडाले, किती उरल्या तेही लिहा. संध्याकाळी बेरीज जुळली पाहिजे. उरलेला माल ज्याने आणला त्याने त्याच दिवशी परत नेला पाहिजे. आपल्या घरात, गोठ्यात, खताच्या पोत्यांशेजारी एक रात्रसुद्धा ठेवू नका.

बार मोजा. दहा भोके भरली आणि नऊच आवाज आले तर विहिरीत उतरू नका. न फुटलेल्या भोकात पहार घालणे, पाणी ओतून बघणे, काडीने उकरणे हे प्राण घेणारे उद्योग आहेत. ते काम बार भरणाऱ्याचेच.

डिटोनेटर, वायर लावलेली नळी, कांडी किंवा कसलीही संशयास्पद वस्तू दिसली तर हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका. लांबून माणसे अडवा, पोलीस पाटलाला कळवा, ११२ वर फोन करा. उचलून पोलीस ठाण्यात नेऊन देणारा माणूस भला असतो, पण त्याने ती चूक करू नये.

आमच्या खात्याशी लागून असलेली एक गोष्ट. अमोनियम नायट्रेट नावाचा पदार्थ खताच्या नावाने कोणी पोत्यातून विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा आणि कृषी कार्यालयाला कळवा. २०११ मध्ये सरकारने ठरावीक प्रमाणापुढचे अमोनियम नायट्रेट स्फोटक म्हणून जाहीर केले आणि २०१२ मध्ये त्याचे वेगळे नियम आले. आपला युरिया वेगळा, हे वेगळे. खत परवानाधारक दुकानातूनच पावतीवर घ्या.

ग्रामपंचायतींनी एक करावे. गावात जितक्या विहिरींना मंजुरी मिळते त्या प्रत्येकाच्या फाईलमध्ये बार भरणाऱ्याच्या परवान्याची झेरॉक्स आणि रोजच्या हिशोबाचा कागद लावून ठेवावा. खर्च दोन रुपयांचा. मोजमाप घेताना खोली-रुंदीबरोबर हा कागद बघायचा, असे मी तरी ठरवले आहे.

नऊ की दहा?

त्या दिवशी चिंचेखाली काकांचे बोलणे चालू असतानाच शिट्टी झाली. सगळे गप्प झाले. मग एकामागून एक बार उडाले, जमीन पायाखाली थरथरली, कावळे उठले, धुराळा विहिरीच्या तोंडातून सरळ वर गेला. काकांनी बोट दाखवून म्हटले, "बघा, वरच गेला का नाय? त्या गाडीचं पोट यासाठी निमुळतं करतात."

म्हातारबाबांचे तिकडे लक्षच नव्हते. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. कॉम्प्रेसरवाला विहिरीकडे निघाला तसा त्यांनी त्याला हाक मारली, "थांब रं बाबा. भोकं किती भरली व्हती?"

"आठ."

"मी सातच मोजले."

कॉम्प्रेसरवाल्याला वाटत होते दोन बार एकदमच उडाले. असेलही तसे. पण बाबांनी कोणाला विहिरीच्या काठावर जाऊ दिले नाही. बराच वेळ वाट पाहिल्यावर बार भरणारा स्वतः एकटाच खाली उतरला, एकेक भोक तपासले, आणि वरून बाबांनी विचारल्यावर आठव्या भोकाचाही खडक फुटला आहे असे त्याने ओरडून सांगितले. मग उरलेल्या कांड्या पेटीत मोजून ठेवल्या, बाबांच्या नातवाने आकडा वहीत लिहिला, आणि त्यानंतरच मजूर टोपल्या घेऊन खाली उतरले.

विहिरीला पुढे अठ्ठावीस फुटांवर पाणी लागले. यंदा बाबांनी वीस गुंठ्यांत भेंडी लावली आहे.